अर्धा उखाणा

पौष शुद्ध १२, शुक्रवार

अकरा दिवस झाले, वही उघडली न्हाई. रोज म्हणलं आज लिहू. एक दिवस दौतीतली शाई वाळली होती. एक दिवस टाकाचं टोक मोडलं. काल दौत भरलेली, टाक धड, दुपार मोकळी, तरी समोरच्या लिंबावर दोन पोपट भांडून राह्यले होते तेच बघत बसलो. खरं सांगायचं तर लिहायला बसलं की ते लिहावं लागंल, म्हणून.

आधी दुसरं लिहितो.

घनसावंगीहून निघालो त्याला तीन वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंत, तीही तुटक तुटक. जालन्यात जिनिंगात सरकी उपसली, मंग फिरत्या सिनेमाच्या तंबूत दिवाबत्ती केली, मंग ठेसनावर लोकांची कार्डं लिहून देत बसलो. कुठंच बूड टेकलं न्हाई. ठेसनावरच भुजंग भेटला. छावणीतला शिपाई, धावड्याचा, आपल्याच पट्टीत बोलणारा. कार्ड लिहून घेतलं नि म्हणला, "अक्षर चांगलंय की रे बद्री. मंग ठेसनावर माश्या कशाला मारतोस?" त्यानंच जमादारसाहेबांपुढं नेऊन उभं केलं. असा मी नाक्यावर आलो.

नाका म्हणजे शिपायांच्या बायकापोरांच्या लाइनीचं दार. खोल्यांच्या दोन रांगा, मधी आड, भोवती मातीची भिंत नि एकच दार. दाराबाहेर दंडुका घेऊन कडूबा, आत ओट्यावर रजिस्टर घेऊन मी. लाइनीतल्या हरेक बाईला नंबराचा पितळी बिल्ला. बाजाराला, धुण्याला जाताना तो माझ्या हातात द्यायचा, येताना परत घ्यायचा. नवीन बाई आली तर तिच्या नवऱ्यासमोर अंगठा घेऊन बिल्ला देतात, खोली देतात. आणि बाहेरचं कोणी आलं तर त्यानं शिपायाचं नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं. दुसऱ्यानं सांगून चालत न्हाई. दसऱ्याला एक जण कोणाचा तरी भाऊ म्हणून घुसला नि तीन खोल्यांची भांडी घेऊन पसार झाला, तवापासून हा कायदा.

कायदा चांगला आहे. मला कमरेला पट्टा मिळाला आहे, त्याचं बकल रोज राखेनं घासतो.

तर त्या सोमवारी पलटण निघायची होती. दुपारच्या गाडीनं सिकंदराबादला, मंग म्हणतात दर्यापार, जर्मनच्या लढाईवर. त्या दिवशी सकाळी नाक्यावर एक बाई आल्ती. नवऱ्याचं नाव सांगंना. कायद्यानं तिला आत सोडता येत न्हवतं. ती परत गेली.

बस. एवढंच.

पौष पौर्णिमा, सोमवार

थंडी फार. बायकांचे हात गारठतात वाटतं, कारण आताशा बिल्ला कोणी हातात देत न्हाई, दाराशी दगड आहे त्याच्यावर ठेवून जातात. मी उचलून घेतो. चतुराबाई तर पहिल्यापासून हातात द्यायची, वरून "घे रं लेका, सांभाळ" म्हणायची. हवालदाराची बायको, लाइनीत सगळ्यात जुनी. आज तिनंही दगडावरच ठेवला. म्हणलं, "मावशी, संधिवात का?"

"हो," म्हणली, "हाताला न्हाई, दुसरीकडंच आलाय."

गुडघ्याला असंल. कचरूलाल शेटच्या दुकानात तेल मिळतं, सांगायला पायजे तिला.

पौष वद्य १, संक्रांत

सकाळी खिचडी, तीळगूळ. दुपारी भिंतीच्या आत हळदीकुंकू चाललं होतं. मी नि कडूबा दारात. आतून एकेकीचे उखाणे ऐकू येऊन राह्यले होते. एक म्हणाली नि सगळ्या हसल्या, दुसरी अडली तर सगळ्यांनी मिळून पुढची ओळ सुचवली, तिसरीनं असं लाजून नाव घेतलं की मला इथं बसून पदर दिसला.

कडूबा डोळा मारून म्हणला, "बद्री, तुझी ती धावड्याची आठवून राह्यली का? 'हरभऱ्याला आले घाटे!' पुढं काय? पुढं काय?"

मी हसलो. हसायला नको होतं. लई जोरात हसलो.

आता लिहितो, कारण हसू ऐकून आतला गलबला थांबला आणि कोणीतरी म्हणलं, "त्योच हाय. दारातला."

ती बाई आली तेव्हा नाक्यावर गर्दी होती. कडूबा होता, पाणक्या होता, पलटणीतले चार-पाच जण बिस्तरे बांधून बसले होते. तिनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. काठाला पिवळी फुलं असलेलं लुगडं, पायाला धूळ, रात्रभर बैलगाडीत नि मंग मोटारीत बसून आलेली. म्हणली, "भाऊ, आत जायचंय."

"कोणाकडं?"

"घरधन्याकडं."

"नाव?"

कोण बाई सांगते? माझ्या आईनं कधी घेतलं न्हाई. बापाला हाक मारायची ती "अवं, ऐकलं का" म्हणून. पोस्टमन आला तर मला पुढं करायची, "सांग रे बाबा तुझ्या बापाचं नाव." हे मला ठाऊक न्हाई का?

तरी मी म्हणलो, "नाव सांगितल्याबिगर दार उघडत न्हाई बाई. नुसतं नको वाटत आसंल तर उखाण्यात घ्या."

बिस्तऱ्यांवरचे सगळे हसले. मला बरं वाटलं. नवा पट्टा, नवी नोकरी, पाच जण आपल्या शब्दावर हसून राह्यले. कडूबा म्हणला, "घ्या वयनी, लाजता कशाला, घरचेच हाव आम्ही."

तिनं इकडंतिकडं पाह्यलं. गाडीची येळ होऊन राह्यली होती, तिलाही ठाऊक असणार. पदर कपाळाच्या खाली ओढला आणि एकदम बारीक आवाजात म्हणली,

"धावड्याच्या माळावर हरभऱ्याला आले घाटे..."

"पुढं? पुढं?" कडूबा. कोणीतरी टाळी दिली.

ती थांबली. तिथंच थांबली. गाठोडं उचललं नि गेली.

मी लिहिलं होतं की ती नाव सांगंना म्हणून परत गेली. तिनं अर्धं घेतलं होतं. पुरं होऊ दिलं न्हाई ते आम्ही.

घाट्याला वाटे जुळतं. पुढची ओळ काय होती कोण जाणे. तीळगूळ कोणी दिला न्हाई, मी विकत आणून खाल्ला.

पौष वद्य ३, गुरुवार

भुजंगचं कार्ड आलं, सिकंदराबादहून. कोणाकडून तरी लिहून घेतलंय, अक्षर गिचमिड. हितं उतरवून ठेवतो, म्हणजे मला सारखं सारखं कार्ड काढावं लागणार न्हाई.

"बद्रीनाथ यास रामराम. आम्ही खुशाल. गाडी सुटेपर्यंत वाट पाह्यली. झुंबर आली न्हाई. तू सकाळपासून नाक्यावर होतास, कोणी आलं न्हाई म्हणलास, मंग खरंच आली न्हाई. माझ्यावर रुसली आसंल, दिवाळीला घरी गेलो न्हाई म्हणून. तिचा दोष न्हाई. खोली महिनाभर माझ्या नावावर राहील असं जमादारसाहेब म्हणले. ती मागून आली तर तू वळखून आत घे. आता जहाजात बसवणार म्हणतात."

हे आता लिहावंच लागणार.

निघायच्या आदल्या दिवशी भुजंग नाक्यावर आला होता. बिडी ओढत म्हणला, "उद्या माझी मंडळी येईल. भावाला कळवलंय, आणून सोड म्हणून. आमची परेड दहापर्यंत. तोवर आली तर बसव, आल्यावर मी अंगठा घेववतो. ती नाव घेणार न्हाई बघ, लई लाजाळू. तिच्या हातावर गोंदलंय, आन्व्याच्या जत्रेत गोंदून घेतलं लग्नाच्या साली. तू वाच नि आत घे. तुला वाचता येतं म्हणून तर तुला सांगतो. कडूबाला आ म्हणता ठो येत न्हाई."

"येऊ दे की," म्हणलो, "माझी बहीणच ती."

आणि त्या बाईनं उखाण्याच्या आधी हात पुढं केला होता. हे मी परवा लिहिलं न्हाई. बांगड्या वर सारल्या, मनगटाच्या आतल्या अंगाला हिरवं गोंदण, बाळबोध अक्षरं, लहान पोराला पण वाचता आली असती. भुजंग. ती म्हणली, "हितं हाय बघा भाऊ. तुम्हीच वाचा, तुम्हीच घ्या नाव."

तिनं मला नाव घ्यायला सांगितलं. आई मला सांगायची तसंच.

मी वाचलं. आणि म्हणलो, "आम्हाला न्हाई बाई वाचता येत. तोंडानं सांगा."

का म्हणलो? आदल्या आठवड्यात बांगडीवालीला बिगर नावाची आत सोडली म्हणून जमादारसाहेबांनी झापलं होतं, हे एक. पण ते खोटं आहे, म्हणजे खरं आहे पण कारण ते न्हाई. मला गंमत हवी होती. वाटलं, जरा हसू, मंग म्हणू, "चला वयनी, मी बद्री, भुजंगचा दोस्त," नि सगळेच हसतील, तीही हसंल. मी दाराकडं हात नेलाही होता. तोवर ती गेली.

आणि मागं धावलो न्हाई. लिंबाच्या पलीकडं वळेपर्यंत दिसत होती.

दहा वाजता भुजंग परेडवरून घामाघूम पळत आला. "आली का?"

बिस्तऱ्यांवरचे लोक तोवर गाडीला गेले होते. कडूबा दूर मुतायला गेल्ता. मी म्हणलो, "न्हाई. कोणी न्हाई आलं."

मोटार अड्ड्यावर असंल ती तवा. एक शब्द बोललो असतो तर तो धावत गेला असता, सापडली असती. गाडीला दोन तास होते.

तो दाराशी उभा राह्यला. खिशातनं एक फणी काढली, शिंगाची, कोरी. म्हणला, "ठेव तुझ्याकडं. आली तर दे." मंग गेला.

फणी माझ्या पेटीत आहे. या वहीखाली.

पौष वद्य ५, शनिवार

सकाळी ठरवलं, निघून जावं. घनसावंगीला न्हाई, दुसरीकडं, मनमाडकडं. पेटी भरली. फणी हाताला लागली. पेटी ठेवली. मंग दुपारभर सायकल दुरुस्त करणाऱ्यापाशी बसून चाकात तारा कशा घालतात ते बघितलं. लई हुशारीचं काम आहे, शिकावं म्हणतो.

चारला जमादारसाहेबांकडं गेलो. ते ओट्यावर पान लावत बसले होते. सगळं सांगितलं. हातावरचं नाव वाचलं होतं तेही. भुजंगला काय म्हणलो तेही. मला वाटलं मारतील. त्यांनी पान तसंच ठेवलं.

"बद्री मियाँ," म्हणले, "मेरी अम्मा ने भी अब्बा का नाम कभी नै लिया. मरे तलक. कचहरी में वकील ने पूछा तो मेरेकु आगे करी. दस बरस का था मैं."

मी खाली बघत होतो.

"कायदा चोरां के वास्ते था. मैं बनाया. मैं औरत के वास्ते नै बनाया. तुम पढ़े-लिखे आदमी, इत्ता नै समझे?"

"पट्टा काढून ठेवतो साहेब," म्हणलो.

"नक्को. पट्टा उतारना तो आसान है." पान तोंडात टाकलं. "कमरा अमावस तलक रोक सकता. उसके बाद दूसरे सिपाही की औरत बैठी है, वो भी दो बच्चों को लेके. भुजंग तो यहाँ है नै. कोई पहचान के बोलनेवाला होना, के यही उसकी औरत है. तुम बोलोगे, तुम हाथ पढ़े. जिसने लौटाई, वही लाना."

बाहेर आलो तर चतुराबाई आडावर. तिनं ऐकलं होतं सगळं, भिंत काय जाड आहे. म्हणली, "मी त्या दिवशी धुणं घेऊन येत होते. लिंबाच्या पलीकडं वळणावर बसून रडून राह्यली होती. इचारलं तर बोलंना. म्या म्हणलं आत चल, तर म्हणली, 'आत्ता न्हाई जात बाई मी त्या दारातून.' तवा कळलं न्हाई. मंग कडूबा हसून हसून सांगत सुटला, तवा कळलं."

म्हणजे बिल्ले दगडावर येतात ते थंडीनं न्हवे.

पौष वद्य ८, मंगळवार. धावडा

भोकरदनपर्यंत मोटार, तिथून पायी. वाटेत हरभरा दोन्ही अंगांनी, खरंच घाट्याला आलेला. एक उपटून खाल्ला, मंग खाववंना.

भुजंगचं घर देवळाच्या मागं. मोठा भाऊ कारभारी शेतातून आला, पाणी दिलं. मी म्हणलं, छावणीतून आलोय, भुजंगचा निरोप आहे.

"कसला निरोप आता?" म्हणला. "बायकूला दारातून परत लावली त्यानं. मी मोटारीच्या अड्ड्यावर सोडून बियाण्याला गेल्तो. येतो तर ही तिथंच, गाठोड्यावर बसलेली. 'आत घेतलं न्हाई' एवढंच बोलली. गावात त्वांड दाखवायला जागा ठेवली न्हाई. नवऱ्यानं टाकलेली बाई घरात कशी ठेवावी? टेंभुर्णीला घातली माहेरी."

"त्यानं न्हाई परत लावली," मी म्हणलो. "त्याला ठाऊकच न्हाई."

"मंग कोणी लावली?"

तेव्हा कोपऱ्यातलं जातं थांबलं. भुजंगची आई, गोजरबाई. एका डोळ्यात फूल पडलेलं, दुसरा असा की भिंतीतून बघंल. म्हणली, "पोरगी मला एकलीला बोलली. नाक्यावर कोणी बाबू व्हता. चार बाप्यांत उखाणा घ्यायला लावला. हात पुढं केला तर वाचता येत न्हाई म्हणला." माझ्याकडं बघून राह्यली. "तूच का रं त्यो?"

मी म्हणलो, "न्हाई आई. मी... मी त्याचा दोस्त. भुजंगचा."

तिनं कुठला 'त्याचा' ऐकला काय माहीत. म्हणली, "अस्सं. दोस्ताचा पट्टा लई चमकतो."

मी एका दमात निरोप सांगितला. अमावस्येच्या आत यावं, खोली आहे, बिल्ला मिळंल, वळख द्यायला माणूस उभा राहील. कारभारी म्हणला, "परत त्या दारात? आता न्हाई." गोजरबाईनं जातं ओढायला सुरुवात केली, मंग कोणाचंच बोलणं ऐकू आलं न्हाई. फणी तिच्यासमोर सुपात ठेवली. तिनं वर बघितलं न्हाई.

जमादारसाहेबांपुढं बोललो. म्हातारीपुढं तोंड उघडंना. माणूस असा कसा अर्धाअर्धा लाजतो?

पौष वद्य ११, शुक्रवार

टेंभुर्णीला गेलो. ठरवून गेलो, की तिच्याच पायावर डोकं ठेवायचं. गावात पोचलो तर बाजार. एक जण आरसे विकत होता, चौकटीत मोर काढलेले. दोन घटका तिथंच उभा. मंग भजी. मंग बैलांचा सौदा. एका म्हातारीनं घर दाखवलं, पडवी दिसली, पडवीत दोरीवर लुगडं वाळत घातलेलं. पिवळ्या फुलांच्या काठाचं.

तिथूनच परत फिरलो. म्हणलं निरोप तर दिला आहे धावड्याला, आणखी काय. हे मी वाटेत इतक्या वेळा म्हणलो की जाफराबादपर्यंत खरं वाटायला लागलं, नि जालन्यात उतरलो तर खोटं.

चतुराबाईनं विचारलं, "भेटली?"

"बाजार होता," म्हणलो.

ती बिल्ला दगडावर ठेवून गेली.

पौष वद्य १३, रविवार

भुजंगला कार्ड लिहिलं. तीन फाडली. चौथ्यात सगळं लिहिलं, ती आल्ती, मी परत लावली, तुला खोटं बोललो. पत्ता पलटणीचा घातला. जहाजात पोचतं का कार्ड, कोणाला विचारावं? टपाल पेटीत टाकताना हात आत गेला नि बाहेर येईना, म्हणजे येत होता, मीच काढंना.

यंदा चतुर्दशीचा क्षय, म्हणून उद्याच अमावस्या. ती दुसरी बाई दोन पोरं घेऊन चतुराबाईच्या ओसरीत राह्यली आहे. तिचाही काय दोष. भुजंगच्या खोलीचं कुलूप काढायला उद्या दुपारी जमादारसाहेब येणार.

अमावस्या, सोमवार

सकाळपासून नाक्यावर आहे. कडूबाला सांगितलं, पुन्हा 'पुढं पुढं' केलंस तर दंडुका तुझाच नि टाळकंही तुझंच. तो म्हणला, "आँ? मीच एकटा हसलो काय?" बराबर आहे. तो एकटा न्हाई हसला.

दहा वाजले. अकरा. एक दूधवाली, एक न्हावी. मी मान वर करतो नि खाली घालतो. वही गुडघ्यावर ठेवून लिहून राह्यलोय, रजिस्टर बाजूला.

जमादारसाहेब आले. किल्ली घेऊन खोलीकडं गेले. ती दुसरी बाई मागून, काखेत एक, बोटाला एक. मी बघितलं न्हाई तिकडं.

कुलूप निघाल्याचा आवाज अजून आला न्हाई. गंजलं असंल.

बाहेर गलका आहे. कडूबा म्हणून राह्यला, "म्हातारे, थांब, अगं थांब, तोंडानं नाव सांगायचा कायदा हाय!" आणि दुसरा आवाज, जात्यासारखा: "सांगते की! माझ्या पोटचं हाय, मला कसली लाज? पण मी न्हाई सांगायची. ज्याला वाचता येत न्हवतं त्याला बोलवा. चमकत्या पट्ट्याचा. त्याला म्हणावं, शिकला का आता?"

गोजरबाई आहे. धावड्याहून. गावाची वेस कधी वलांडली न्हाई म्हणून भुजंग सांगायचा ती. गाडीतून उतरली आहे, काठी आपटून राह्यली आहे. तिच्या मागं पदर कपाळाच्या खाली, पिवळ्या फुलांचा काठ. केसात शिंगाची फणी. एक हात पुढं, बांगड्या वर सारलेल्या.

जमादारसाहेबांना हाक मारली, कुलूप काढू नका म्हणून.

वही ठेवतो. अर्धं तिनं घेतलं आहे. उरलेलं चार माणसांत, मोठ्यानं, मला घ्यायचंय.